तुझ्या पेट्या, माझी रीना

फिलू,

तुझ्या मातीच्या दिवशी एका बाईने रीनाला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नको गो पोरी, आईबाप कोणाला जन्माला पुरतात का?" मी बाजूलाच उभी होते. रीनाची आई. जिवंत, धडधाकट, हातात तुझ्यासाठी आणलेला शेवंतीचा हार घेऊन. त्या बाईची चूक नव्हती. वसईकडून आलेली तुझी कोणी लांबची नातेवाईक, तिला काय ठाऊक! रीना ज्या तऱ्हेने रडत होती ते पाहून कोणालाही तसंच वाटलं असतं. मला राग आला तो रीनाने तिला काहीच सांगितलं नाही म्हणून. मी खांद्यावर हात ठेवायला गेले तर पोरगी तुला ठेवलेल्या पेटाऱ्याकडे दोन पावलं पुढे सरकली आणि माझा हात तसाच हवेत राहिला.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाहीये, भांडतेय. तू होतीस तोवर आपण कधी भांडलो नाही. उलट आपल्या गावठाणात सुना एकमेकींच्या झिंज्या धरायला लागल्या की सासवा आपलाच दाखला द्यायच्या, "त्या मेबल आणि फिलू बघा, जावा आहेत की बहिणी कळत नाही." आपण दोघी ते ऐकून हसायचो. मी तर जरा जास्तच हसायचे. आता बोलून टाकते. मला तुझा हेवा वाटायचा, फिलू. वाटायचा काय, वाटतो. तू तिकडे क्रुसाखाली शांत निजलीयस आणि मी तुझ्याच ओट्यावर बसून जळतेय.

तू लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा रीना नुकती चालायला लागली होती. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या ऑफिसात होते. पोर झोपेत असताना निघायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. मध्ये सगळा दिवस तुझा. पुढे तुला मूल होत नाही म्हटल्यावर सासूबाई सगळ्यांना सांगायला लागल्या, की देवाने बरोबर जुळवून दिलंय, एकीला पोर आहे पण वेळ नाही, दुसरीला वेळ आहे पण पोर नाही. तुझ्यासमोर सांगायच्या, माझ्यासमोर सांगायच्या. तुला ते कसं लागत असेल याचा विचार मी केला नाही. मला कसं लागतं याचा तरी कोणी केला?

तरीही तेव्हा एक गोष्ट माझी होती. मी गेट उघडलं की रीना धावत येऊन माझी पर्स ओढायची. "मम्मी, काय आणलंस?" कधी चिक्की, कधी ऑफिसातलं रंगीत रबर, काही ना काही असायचंच. ते मधमाश्यांनी बंद पाडलं.

रीना तिसरीत होती. आपल्या जुन्या मीटरच्या लाकडी खोक्यात सातेरी माश्यांनी पोळं केलं. लाईटवाला रीडिंग घ्यायला आला आणि तोंड झाकून पळाला. मी माझ्या नवऱ्याला, जॉनीला सांगितलं, औषध मारणाऱ्याला बोलवा आणि विषय संपवा. तू मागून पीठ भरलेल्या हातांनी आलीस. "कोणी काय पण मारायचं नाय. माझ्या पप्पांकडे चार पेट्या होत्या. मी काढते." मी ऑफिसला गेले. परत आले तर परसात बिमलीच्या झाडाखाली एक पेटी उभी. तू पोळी कापून, सुती दोऱ्याने चौकटींना बांधून, एकेक करून आत लावली होतीस आणि माझ्या पोरीने त्या चौकटी उघड्या हातांनी धरल्या होत्या. मी गेट उघडलं. कोणी पर्स ओढली नाही. रीना परसातून ओरडली, "मम्मी, काकीने राणीला बोटावर घेतलं! ये ना लवकर!"

मी गेले. पेटीपासून हाताच्या अंतरावर पोचले असेन नसेन, एक माशी सरळ भुवईवर बसली आणि मला डसली. तुम्हा दोघींना काही नाही. तू धावत आलीस, नखाने नांगी खरवडून काढलीस, कांदा चोळलास. "घाबरलीस म्हणून चावली," म्हणालीस. मी घाबरले नव्हते, फिलू. मी रागावले होते.

त्यानंतर मी दर रविवारी, नाश्ता झाला की परसात यायचे आणि दर रविवारी मार खाऊन परत जायचे. पावडर लावायची सोडली. केसांना तेल लावायचं सोडलं. पांढरा गाऊन घातला, कारण तू म्हणालीस गडद रंग त्यांना खपत नाही. माशी नेम धरून माझ्याकडेच यायची. आपल्या नणंदेच्या, मार्थाच्या लग्नात सगळ्या फोटोंत माझा एक डोळा मिटलेला आहे, आठवतंय? शेवटी तू मोठ्या मायेने म्हणालीस, "बाय, तू लांबच उभी राहा. त्यांचं आणि तुझं जमत नाय." मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहायला लागले. तिथून तुमच्या दोघींच्या पाठी दिसायच्या. डोक्यावर जाळीच्या टोप्या, दोन्ही डोकी एका पेटीवर वाकलेली. रीना काहीतरी विचारायची, तू काहीतरी सांगायचीस आणि दोघी हसायच्या. काय बोलता ते ऐकू यायचं नाही. मी नळ सोडून भांडी घासायला घ्यायचे, धुतलेलीच.

पेट्यांच्या स्टँडला मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या लागायच्या. तू माझ्या लग्नातल्या स्टीलच्या वाट्या घेतल्यास, नाव घातलेल्या. एका पेटीच्या चार झाल्या, आणि माझा सगळा सेट परसात गेला. मी काही बोलले नाही. पण आज सांगते, मला ते आवडलं नव्हतं.

एवढं मात्र कबूल करायला हवं, की माश्या आल्यावर आपलं परस बदललं. आधी भोपळ्याला नुसती फुलं यायची. बोटाएवढं फळ धरायचं, पिवळं पडायचं, गळायचं. तुझ्या पेट्या आल्या आणि भोपळे असे लागले की शेजारीपाजारी वाटून सरेनात. शेवग्याच्या शेंगा, बिमल्या, सगळ्यालाच बहर. मागच्या टॉवरमधली ती बाई, जी आधी माश्यांची तक्रार घेऊन आली होती, ती लोणच्यासाठी बिमल्या न्यायला यायला लागली. आणि मी संध्याकाळी थकून यायचे तेव्हा तू चुलीवर भोपळा शिजवलेला असायचा, रीनाचा अभ्यास घेतलेला असायचा, माझा चहा झाकून ठेवलेला असायचा. कितीतरी वर्षं मी घरी येऊन पहिला घोट गरम प्यायले ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हणायला गेले की घशात रीना आडवी यायची.

नाताळची वाईन हा मात्र माझा प्रांत होता. सासूबाईंनी मनुकांच्या वाईनची रीत थोरली सून म्हणून मला दिली, तुला नाही. गहू किती घालायचे, बरणी कधी हलवायची, कुठल्या फडक्याने गाळायची. कलकल आणि करंज्या खाऊन झाल्या की पाहुणे ग्लास पुढे करायचे, "मेबलची वाईन काढ गो." त्या चार दिवसांत मी या घराची राणी असायचे. आणि मग एका वर्षी तू काचेच्या बरणीत मध आणि पाणी कालवलंस, चार मनुका टाकल्यास आणि बरणीच्या तोंडावर रीनाच्या वाढदिवसातला उरलेला फुगा चढवून त्याला टाचणीने भोक पाडलंस. फुगा ताठ उभा असेल तोवर आत काम चालू आहे, निजला की झालं. रीना शाळेतून आली की दप्तर टाकून आधी फुगा बघायची.

"ही काय सर्कस?" मी विचारलं.

"मम्मी, याला मीड म्हणतात. जगातली सगळ्यात जुनी दारू आहे," रीना म्हणाली. माझ्या मनुका एका झटक्यात नवख्या झाल्या.

मी तुला म्हणाले, मध आधी उकळून घे, वरची मळी काढ, नाहीतर आंबेल. तू म्हणालीस, "आंबायलाच तर ठेवलंय, बाय." आणि तुम्ही दोघी माझ्याच स्वयंपाकघरात मला हसलात. मध उकळला की त्यातला फुलाचा वास जातो, असं तुझं म्हणणं. न उकळता केलेलं पोटाला बाधतं, असं माझं. हे भांडण आपण दर वर्षी उकरून काढायचो, आणि दर वर्षी पाहुणे आल्यावर अर्ध्यावर सोडून द्यायचो. माझं म्हणणं अजून तेच आहे.

पहिल्या वर्षी तुझी वाईन पुचकट झाली. मी सांत्वन केलं, पण रात्री झोप छान लागली. दुसऱ्या वर्षी खाडीवरच्या तिवरांच्या फुलोऱ्याचा मध होता, पातळ, किंचित खारट चवीचा. त्याची वाईन अशी उतरली की फादरनी ग्लास उजेडात धरून पाहिला आणि दुसऱ्यांदा मागितला. "कोणी केली?" त्यांनी विचारलं. रीनाने हात वर केला, एखाद्या वर्गात केल्यासारखा. "मी आणि काकीने." तेव्हापासून पाहुणे म्हणायला लागले, "फिलूची आहे का?" माझी वाईन केकमध्ये घालायच्या कामाची राहिली.

आणि ते वर्ष आठवतंय, ज्या वर्षी तू घाई केलीस? फुगा पुरता निजला नव्हता आणि तू बाटल्या भरून बुचं ठोकलीस. नाताळच्या आठवड्यात भर दुपारी कपाटातून आवाज आला. एक, मग दुसरा, मग सगळ्याच. आपण दोघी धावलो. काचा, फेस आणि मधाचा वास. वासावर खिडकीतून तुझ्या माश्या आत आल्या, फटीतून मुंग्या आल्या. तू फरशीवर फतकल मारलीस आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मीही हसले. मनापासून हसले, फिलू, काही अंशी तुझी वाईन फुटली म्हणून, पण तेवढ्यासाठीच नाही. एक बाटली वाचली होती. "ही पण फुटायच्या आत संपवू," तू म्हणालीस, आणि आपण ओल्या फरशीवर बसून स्टीलच्या पेल्यांतून ती संपवली. छान होती. तेही तुला सांगितलं नाही.

पेला खाली ठेवून तू म्हणालीस, "तुझं बरंय, बाय."

"काय बरंय?"

"काय नाय."

मला वाटलं, यंदा पाहुण्यांपुढे माझीच वाईन जाणार, त्याबद्दल बोलतेयस. मी म्हणाले, "मग! मी बुचं घाईत लावत नाही." तू नुसती हसलीस आणि काचा गोळा करायला उठलीस.

आजारपणाचं मी लिहीत नाही. तुला ते आवडणार नाही आणि मला जमणार नाही. फक्त पेजेचं लिहिते. मी रोज हॉस्पिटलात डब्यातून पेज घेऊन यायचे, तू दोन चमचे घ्यायचीस आणि दाराकडे बघायचीस. "रीना येतेय ना आज?" मी पुढचा चमचा भरत म्हणायचे, "येईल, ऑफिस सुटलं की." पूर्वी तू मला सांगायचीस, रीना जेवली, रीना झोपली, रीनाच्या पायात काटा गेला. आता मी तुला सांगत होते. रीना यायची, स्टूल ओढून तुझ्या उशाशी बसायची, आणि तुम्ही पेट्यांचं बोलायला लागायच्यात. परातीत पाणी ठेवलं का, चौथ्या पेटीत माश्या कमी झाल्यात का. मी डबा धुवायला बाहेर जायचे. मरणाच्या दारातल्या बाईवरही माणूस जळू शकतं, हे मला त्या हॉस्पिटलच्या बेसिनपाशी कळलं.

तू गेल्यावरही रीना दर रविवारी तिच्या डोंबिवलीच्या घरून येते. गेट उघडते आणि माझ्या दाराशी न थांबता सरळ परसात जाते. तासाभराने हात धुऊन आत येते, मी केलेलं मटणाचं इंद्याल जेवते, डबा घेते आणि जाते. मला यातलं काही नवीन नाही. पूर्वीही तसंच होतं. फरक एवढाच, की आता खिडकीतून एकच पाठ दिसते.

चर्चमध्ये तुझी महिन्याची मिस्सा झाली त्या दिवशी सगळे आमच्याकडे चहाला होते. तुझा पीटर कपात बघत म्हणाला, "मी पेट्या देऊन टाकायच्या म्हणतोय. शहापूरकडचा एकजण न्यायला तयार आहे. फिलू होती तोवर ठीक होतं. मी तर त्यांच्या जवळ कधी गेलेलो पण नाय."

रीनाने कप खाली ठेवला, म्हणाली, "मी आमच्या सोसायटीत विचारलं. गच्चीवर नाही ठेवू देणार."

मला खरं तर पेढे वाटायला हवे होते. इतकी वर्षं ज्या पेट्यांनी माझी पोर पळवली त्या घरातून जात होत्या. माझ्या वाट्याही परत मिळणार होत्या. पण मी रीनाकडे बघितलं. पेट्या गेल्या की रविवार गेला. मग फोन येतील, कामं निघतील, महिन्यातून एकदा, मग नाताळला. ती माझ्यासाठी येत नव्हती हे मला पक्कं माहीत होतं. पण येत तर होती.

"पेट्या कुठे जाणार नाहीत," मी म्हणाले. "मी बघीन त्यांचं."

जॉनीला ठसका लागला. रीना माझ्याकडे वळली. "मम्मी, तू? तुला बघितलं की त्या पदर खोचून तयार होतात."

"होऊ देत."

पुढच्या रविवारी मी तयार होऊन परसाच्या दारात उभी राहिले. रीनाने तुझी जाळीची टोपी माझ्या डोक्यावर चढवली, आणि एकदम नाक जवळ आणलं. "सकाळी केळं खाल्लंस?"

खाल्लं होतं. नाश्त्यानंतर एक केळं, ही माझी माहेरची सवय. पोट साफ राहतं म्हणून आईने लावलेली. त्यात खंड नाही.

"मग आज नको," रीना म्हणाली. "एक माशी चावली की तिचा वास सुटतो, बाकीच्यांना कळतं की शत्रू आलाय. तो वास अगदी केळ्यासारखा असतो. केळं खाऊन पेटीजवळ यायचं नाही, हा तर काकीचा पहिला नियम."

मी टोपी काढली. "तिला माहीत होतं मी रोज केळं खाते ते?"

"मम्मी, घरात सगळ्यांनाच माहीत आहे."

मी पायरीवर बसले. रीना माझ्या शेजारी बसली. "मी लहानपणी काकीला विचारलेलं, मम्मीला सांगू का म्हणून. ती म्हणाली, नको सांगूस गो. तू सगळी तिचीच आहेस. एवढी परसातली माझ्याकडे राहू दे. मला तेव्हा वाटलं, ही आमची गंमत आहे."

फिलू! इतकी वर्षं! माझी भुवई, माझे कान, मार्थाच्या लग्नातला तो डोळा! तू नांगी काढायचीस, कांदा चोळायचीस, फुंकर घालायचीस, आणि तोंडातून केळ्याचा के निघाला नाही! तू समोर असतीस तर तुझ्या त्या धूर करायच्या डब्याने तुलाच हाणलं असतं.

आणि खरं सांगू? तो राग पुरता उतरायच्या आधीच मला बरं वाटायला लागलं. फार बरं वाटलं. मी समजत होते की या घरात जळणारी मी एकटीच. तू कशी, हसरी, सगळ्यांची लाडकी, कोणाचा द्वेष नाही, कोणाचा हेवा नाही. माझ्या जळण्याची मलाच लाज वाटायची. आणि तू खिडकीकडे पाठ करून माझ्यावर जळत होतीस! माझ्यावर, जिच्याकडे रीना रात्री झोपायला यायची. तुला रविवारचं ते एवढंसं परस राखायचं होतं, आणि पहाऱ्याला तू माश्या बसवल्यास. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं. ओल्या फरशीवर बसून तू "तुझं बरंय" म्हणालीस, तेव्हा मी तोंड बंद ठेवून तुझ्याकडे नीट बघायला हवं होतं. आपण दोघींनी मिळून ती बाटली आणखी तासभर पुरवली असती.

त्याच्या पुढच्या रविवारी मी केळं खाल्लं नाही. रीनाने धूर दिला, झाकण काढलं, एक चौकट उचलली आणि ती माझ्या हातात दिली. चांगली जड होती. माश्याच माश्या, आणि एकही माझ्या अंगावर आली नाही. माझ्या बोटांवरून चालत गेल्या, जसं काही मी नेहमीचीच. रीना बोटाने दाखवत होती, ही अंडी, हा भरलेला पराग, ही बंद घरं. आणि मग तिचं बोट थांबलं.

"ही राणी," ती म्हणाली. "मम्मी, ही जुनी नाही. जुनी काळसर होती. ही नवीन आहे. ही काकीने बघितलेली नाही."

आणि तिचा बांध फुटला. जाळीच्या टोपीसकट ती माझ्यावर येऊन पडली. मी घाईघाईत चौकट पेटीत सोडली आणि तिला धरलं. तुझ्यासाठीच रडत होती, काकी, काकी म्हणत, अगदी लहानपणी पडल्यावर रडायची तशी. मला त्याचाही हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

चौकट आपटताना एखादी चिरडली असणार. माझ्या मनगटावर एक चावली, मग तिच्या वासावर दुसरी. नांगी लगेच खरवडून काढावी लागते, नाहीतर विष आत उतरत राहतं, एवढं मलाही माहीत आहे. मी रीनाच्या पाठीवरचा हात काढला नाही.